लाल फितीची पिन

जवाहरनगरच्या आमच्या ओळीत गभणे आडनावाची तीन बिऱ्हाडं होती. घोटाळा नको म्हणून एकांना स्टोअरवाले गभणे, दुसऱ्यांना भजनवाले गभणे आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना एअरफोर्सवाले गभणे म्हणत. मी त्यांना भाऊजी म्हणायची. हवाई दलातली नोकरी संपवून ते कारखान्याच्या फाटकावर दरबान म्हणून लागले होते. मूळचे सिहोऱ्याचे. उंच, वाळलेला माणूस, कपड्याला कडक इस्त्री, आणि बोलणं इतकं कमी की त्यांच्या बायकोला, सुमनला, दोघांच्या वाटचं बोलावं लागे. तिची त्याला हरकत नव्हती.

ओळख झाली आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. दोघं सिहोऱ्याला निघाली होती. घराची दुसरी किल्ली माझ्याजवळ ठेवायला दिली. मी ती डब्यात टाकली आणि आतूनच ओरडून सांगितलं, ठेवली हो. भाऊजी दारातून हलेनात. म्हणाले, "वहिनी, सांगू नका. दाखवा."

आता मी काय चोर आहे का? माझं डोकं फिरलं. डबा आणून त्यांच्या नाकासमोर धरला, झाकण उघडलं, किल्ली दाखवली. त्यांनी शांतपणे मान हलवली, हात जोडले आणि गेले. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी संध्याकाळी म्हटलं, शेजार चांगला मिळाला, रोज पंचनामा होणार आता. हे नुसतेच हसले, कारण यांचा पंचनामा तर रोजच होत होता.

आमच्या कारखान्यात काडीपेटी नेणं म्हणजे मोठा गुन्हा. दारूगोळ्याचं काम, एका ठिणगीत काय होईल सांगता येत नाही. म्हणून फाटकावर प्रत्येकाची झडती. बाकीचे दरबान ओळखीच्या माणसाच्या खिशावरून हात फिरवायचे आणि सोडायचे. भाऊजी नाही. हे आणि भाऊजी क्वार्टरपासून फाटकापर्यंत सोबत चालत जायचे, वाटेत यांची शेवटची बिडी भाऊजींच्या डोळ्यांदेखत संपायची, काडीपेटी पानठेल्यावर ठेवतानाही भाऊजी शेजारीच उभे असायचे. आणि फाटक आलं की तेच भाऊजी आत जाऊन, टोपी घालून, यांच्यासमोर उभे राहायचे. खिसे उलटे करा. यांनी एकदा म्हटलं, अरे गभणे, आत्ताच तर पाहिलं ना तू. तर म्हणे, ते मघाशी पाहिलं. आता दाखव.

सुमनचे तर हालच होते. कुठं बाहेर जायचं म्हटलं की तिला स्टोव्हची चावी फिरवून दाखवावी लागे, नळ दाखवावा लागे, कडी हलवून दाखवावी लागे. एकदा तुमसरची बस भाऊजींच्या या दाखवादाखवीत निघून गेली. तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. दोघं भर उन्हात परत आली आणि ती माझ्याकडे येऊन अर्धा तास नवऱ्याला शिव्या घालत होती. मग म्हणाली, "आधी असे नव्हते वं बाई. त्या विमानाच्या नोकरीतून आले ते असेच आले."

त्या नोकरीबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की लढाऊ जेट विमानांची कसरत दाखवणारं जे हवाई दलाचं पथक असतं, त्यात भाऊजी होते. उडवायला नव्हे, जमिनीवर. आम्हाला केवढं कौतुक. नागपूरच्या बाजूने एखादं जेट आलं की सगळी ओळ पोराबाळांसकट अंगणात यायची, मान वर करून. भाऊजी घरात जायचे. खाटेवर खिडकीकडे पाठ करून बसायचे आणि आवाज पूर्ण गेला की पुन्हा बाहेर येऊन झाडांना पाणी घालायला लागायचे. मला वाटायचं, शिष्टपणा. ज्याने तीर्थ पाहिलं त्याला आमच्या गावच्या देवळाचं काय, असा.

एका सव्वीस जानेवारीला क्लबच्या हॉलमध्ये त्यांना सगळ्यांनी बळेच उभं केलं. विमानांबद्दल दोन शब्द सांगा. मला वाटलं, दोन म्हणजे दोनच होतील. पण काय बोलला तो माणूस. दोन्ही हातांचे पंजे विमानासारखे केले आणि सांगत गेले. पंखाला पंख जवळजवळ लागलेला असतो. बाजूच्या पायलटने जमिनीकडे बघायचंच नाही, आभाळाकडेही नाही, फक्त पुढच्या म्होरक्याच्या पंखाकडे बघायचं. तो उलटा झाला की आपण उलटे, तो खाली गेला की आपण खाली. आणि एक पायलट एकटा असतो. सगळे वळून परत येईपर्यंत लोकांनी घड्याळात बघू नये म्हणून तो एकटाच येऊन खेळ करतो, अगदी खाली येतो, लोकांना वाटते आता गेला, आणि तो सरळ वर चढतो. जमिनीवरचे लोक काय करतात तेही सांगितलं. प्रत्येक विमानाचा आपला एक माणूस. शिडीवर चढून तो पायलटला खुर्चीत पट्ट्यांनी बांधतो. त्या खुर्चीखाली बार भरलेला असतो. विमान पडायला लागलं तर पायलटने दांडा ओढायचा, की खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडते. पण जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात, लाल फितीच्या. त्या शेवटी काढायच्या, पायलटला एकेक दाखवायच्या, त्याने पाहायच्या, मग विमानातच खणात ठेवायच्या आणि शिडी उतरायची. तोंडी नाही चालत, ते म्हणाले. दाखवावं लागते.

माझ्या मनात आलं, अस्सं, म्हणून ते किल्ली किल्ली करतात. मला हसूही आलं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, कधी कोणी पडलं का हो? भाऊजींचे दोन्ही पंजे अजून वरच होते. ते त्यांनी खाली घेतले, "हाव," म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं दोनेक वर्षांनी ते पथकच नागपूरला आलं. सोनेगावच्या विमानतळावर लोकांसाठी कसरती होणार होत्या आणि कारखान्याने बायकापोरांसाठी बसेस ठेवल्या. धानाची कापणी चालू होती, म्हणून सुमन सिहोऱ्याला गेलेली. मी भाऊजींना म्हटलं, आमच्यासोबत चला. नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मग मात्र मी सुनावलं. म्हटलं, इतका भाव बरा नाही, आम्ही अडाणी लोकं पाहायला चाललो, तुमच्यासारखा जाणकार सोबत असला तर काय सोन्याचं पाणी उतरेल तुमचं? हे मला खुणेने गप्प बस म्हणत होते. मी कशाला गप्प बसते.

भाऊजी आमच्या ओट्यावर बसले. आणि त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, नखाने ओट्याची कोर खरवडत.

त्यांच्या विमानाचा पायलट सतीश नावाचा होता. सतीशसाब म्हणायचे ते. एकट्याने खेळ करणारा तो हाच. मराठी होता, म्हणून दोघांचं विशेष जमायचं. शिडीवर बसून बांधताबांधता भाऊजी त्याला झाडीतल्या, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखातल्या, गोष्टी सांगायचे आणि तो हसायचा. त्या दिवशी सकाळी उत्तरेकडं कुठंतरी कसरतीचा सराव होता. शेजारच्या विमानाचा माणूस तापाने पडला होता, तर भाऊजींनी त्याचंही काम अंगावर घेतलं. एकामागून एक दोन पायलट बांधले. घाई होती, इंजिनं सुरू व्हायची होती. सतीशसाब खेळ करताना खाली आला तो वर चढलाच नाही. जमिनीवर आदळला. आग लागली. पुढं चौकशी बसली आणि निकाल आला, की पायलटचा उंचीचा अंदाज चुकला, बाहेर उडी मारायचा त्याने प्रयत्न केल्याचं काही दिसत नाही. भाऊजींवर कुणी बोट ठेवलं नाही.

"पण वहिनी," ते म्हणाले, "दुसऱ्या साबच्या पिना काढल्या, त्याले दाखवल्या, ते मले डोळ्यांसमोर दिसते. सतीशसाबचं काहीच आठवत नाही. रोज करून राहिलो होतो ना, हात आपलेआपच करत होते. काढल्या असतील. नसतीलही. मले आठवूनच नाही राहिलं."

यांनी समजूत घातली, की काढल्याच असणार, इतक्या वर्षांची सवय. आणि त्या पायलटनेही पाहायच्या असतात ना? राहिली असती तर त्याने नसतं का म्हटलं? त्यावर भाऊजी पहिल्यांदाच चिडले. म्हणाले, त्याचं नाव घेऊ नका. पोरगा गेला, अन् वरून त्याच्याच माथी मारायचं का?

मला इतकी लाज वाटली. आणि त्यांची कीव आली. इतकी वर्षं हा माणूस त्या एका सकाळपाशी जाऊन उभा राहतो आणि ती सकाळ त्याला दार उघडत नाही. माझ्याच्यानं तर असं जगणं झालं नसतं.

नागपूरला आम्ही गेलो. विमानं पाहिली. सुंदरच होतं ते, खोटं कशाला बोलू. पण ते एकटं विमान खाली यायला लागलं तशी मी पदर तोंडावर घेतला आणि लोकांचा जल्लोष ऐकू येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ. भाऊजी माझ्या दारात आले. पाहुणी आली आहे, सुमन नाही, चहा कराल का म्हणून विचारायला. चेहरा पार पांढरा पडला होता. मी गेले. एक म्हातारी बाई खाटेवर बसली होती, स्वच्छ सुती पातळ, मांडीवर कापडी पिशवी. सतीशची आई. नागपूरला कसरती पाहायला जुन्या लोकांना बोलावलं होतं, तशी तीही आली होती आणि भावाकडे उतरली होती. तिथं पथकातल्या कुण्या जुन्या माणसाने तिला सांगितलं, की तुमच्या मुलाला विमानात बांधणारा जवाहरनगरला असतो. एकटी बस पकडून आली होती.

मी आत स्टोव्हवर चहा ठेवला. दोन खोल्यांचं क्वार्टर, सगळं ऐकू येत होतं. तिने आधी तो काय खायचा, काय बोलायचा, असं विचारलं. झाडीतल्या गोष्टी त्याने तिला सुट्टीत येऊन सांगितल्या होत्या, तेही बोलली. मग तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"मला एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "त्याचे वडील म्हणतात, मिरवायला गेला आणि स्वतःच्या हाताने मेला. शेवटपर्यंत त्याला कळलंसुद्धा नाही, इतका बेसावध, म्हणतात. घरात त्याचा फोटो लावू देत नाहीत. नाव काढलं की उठून जातात. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत. तो खरंच बेसावध होता का हो?"

मी चहा गाळत होते. मला वाटलं, भाऊजी तिला खरं तेच सांगतील, मला काही आठवत नाही म्हणतील. एवढं मोठं ओझं बाईच्या पदरात टाकायला नको होतं, पण दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याजवळ होतं काय?

"नाही," भाऊजी म्हणाले. "सतीशसाब बेसावध नव्हता. विमान बिघडलं असन, त्याले कळलं, त्याने दांडा ओढला. खुर्ची उडाली नाही. पिन मी काढली नव्हती. चूक माझी आहे, माय."

मी कप घेऊन दारात आले तर ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते जमिनीकडे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की खोटं आहे हे, भाऊजींना काही आठवत नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी कप ठेवला.

बाईने चहाला हात लावला नाही. रडलीही नाही. इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिलात, एवढंच म्हणाली. भाऊजी हाव म्हणाले. मग ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी वळली.

"मी आता घरी जाऊन फोटो लावणार," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ करू शकणार नाही."

"नका करू," भाऊजी म्हणाले.

बसथांब्यापर्यंत मी तिच्यासोबत गेले. वाटभर खरी गोष्ट माझ्या अगदी ओठावर होती. पण ती बाई मघाशी खाटेवर वाकून बसली होती, आणि आता ताठ चालत होती. मध्येच डोळे पुसून मला म्हणाली, लहानपणापासून सतीश सावधच हो, जिना उतरतानासुद्धा कठड्याला धरायचा. मी म्हटलं, हो ना. बस आली आणि ती गेली.

परत येऊन मी भाऊजींना फाडफाड बोलले. तुम्हाला काय गरज होती? तुम्हाला तरी ठाऊक आहे का काढली होती की नव्हती? ते थंडगार चहा पीत होते, तिच्यासाठी केलेला. म्हणाले, "नाही ठाऊक. पण तिचा लेक शहाणा ठरला ना. राहू द्या." आणि कुणापुढं बोलायचं नाही म्हणून बजावलं.

पण अशी गोष्ट राहते का कुठं लपून? त्या मुलाच्या वडिलांनी नात्यात सांगितलं, नात्यातून नागपूरला आलं, आणि नागपूरहून रोज कारखान्यात येणारी माणसं काय थोडी होती? महिन्या-दीड महिन्यात सगळ्या क्वार्टरांत झालं, एअरफोर्सवाल्या गभण्यांच्या हातून पायलट मेला. क्लबात ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच पुढं होते. फाटकावर खिसे दाखवताना एक जण म्हणाला, आमचे खिसे मग पाहा, आधी आपल्या पिना पाहा. रांगेतले लोक हसले. हे तिथंच होते, हे त्या माणसाच्या अंगावर धावले. भाऊजींनी यांनाच मागं ओढलं आणि त्या माणसाला म्हणाले, खिसा दाखव.

सुमन कापणी-मळणी उरकून आली ती आगच झाली. तिला सगळं ठाऊक होतं, ते त्या नोकरीतून आले तेव्हापासून. नवऱ्याच्या झोपेत काय चालतं ते बायकोला ठाऊक नसणार? ती नळावर, दुकानात, कीर्तनात, जिथं कुणी कुजबुजलं तिथं भांडायची. "त्यांले आठवत नाही, तर तुम्हाले कसं ठाऊक?" हे एकच वाक्य. भाऊजी तिला घरात घेऊन जायचे. शेवटी त्यांनीच कंटाळून नोकरी सोडली. सामान कारखान्याच्याच एका ट्रकमध्ये गेलं. निघताना त्यांनी आपल्या घराची किल्ली परत मागितली आणि मी ती, त्यांनी दाखवा म्हणायच्या आतच, दाखवून दिली. ते थोडंसं हसले. मी आत जाऊन रडले.

मग मध्ये तीन-चार पावसाळे गेले. यांचं तुमसरला काही काम निघालं तशी मीही निघाले, आणि हे कामाला गेले तेव्हा सिहोऱ्याची बस धरली. रोवण्याचे दिवस होते. घराला कुलूप, म्हणून विचारत विचारत त्यांच्या बांधीवर, धानाच्या शेतावर गेले. बाया ओळीने वाकून धान लावत होत्या, सुमन त्यांच्यात होती, आणि भाऊजी कडेच्या धुऱ्यावरून रोपांच्या पेंड्या आणून देत होते. धोतर गुडघ्यावर, डोकं पार पिकलेलं. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. पळसाखाली बसवलं, लोट्याने पाणी दिलं.

मी गप्प राहणारी बाई नाही. म्हटलं, भाऊजी, त्या बाईचं काम झालं. तिच्या घरी फोटो लागला असेल, नवराही मुलाचं नाव घेत असेल. आता तरी लोकांना खरं सांगा. आठवत नाही, एवढंच म्हणा. सुमन किती भांडेल तुमच्यासाठी?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलते आहे.

"आठवते ना, वहिनी," ते म्हणाले. "नव्हती काढली. सतीशसाबच्या खांद्यामागं ती लाल फीत तशीच लोंबत होती. वारा होता, हलून राहिली होती. मी पाहिली, अन् शिडी उतरलो."

मी म्हटलं, अहो, तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होतात, आठवत नाही म्हणून. विसरलात का?

"तेव्हा नव्हतं आठवत," ते म्हणाले. "त्या मायले सांगितलं, तेव्हापासून दिसते. आता रोज दिसते."

आवाजात दुःख नव्हतं, काही नव्हतं. बांधीत किती पाणी आहे ते सांगावं, तसं सांगितलं. तेवढ्यात सुमनने बांधीतून हाक मारली, परे, म्हणजे लावायची रोपं, संपले म्हणून. भाऊजी उठले, दोन्ही हातांत पेंड्या घेतल्या आणि चिखलात उतरले.

सुमन मला बसपर्यंत पोचवायला आली. हात धुतले होते तरी कोपरांना चिखल होता. वाटेत सांगत होती, की गावातही ते बोलणं पोचलं, परवाच एका चुलत जावेशी तिचं चांगलंच वाजलं. तिला तोंडावर म्हटलं, त्यांले आठवतच नाही, तर तू कोण सांगणारी? मग मला म्हणाली, काढलीच असन वं बाई त्यांनी, माझा जीव मले सांगते. मी म्हटलं, हो गं, काढलीच असेल. बस आली, आणि मी खिडकीत बसून तिला हात केला.